अठरावं वर्ष आणि आतड्याचा जुनाट आजार : बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना

आज औषधांबद्दल थोडं कमी बोलू आणि ती औषधं घरात कोण सांभाळतं याबद्दल जास्त बोलू. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेलं मूल मोठं होतं, तेव्हा त्याचे डॉक्टर बदलतात. हा बदल नीट झाला नाही, तर इतकी वर्षं आटोक्यात ठेवलेला आजार पुन्हा उचल खातो.

आधी आजाराची ओळख, दोन वाक्यांत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाचा कुठलाही भाग सापडू शकतो आणि सूज आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव. दोन्ही आजार पूर्ण बरे होत नाहीत, पण शांत ठेवता येतात. आणि ते शाळकरी वयातही सुरू होतात, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता बालरोग विभागातलं चित्र डोळ्यांसमोर आणा. मूल खुर्चीत बसलेलं आणि बोलते आई. "डॉक्टर, शौच चार वेळा होते, रक्त नाही, गोळ्या वेळेवर देतेय." गोळीचं नाव, मात्रा, कुठल्या औषधाने पुरळ आलं होतं, मागच्या कोलोनोस्कोपीत काय दिसलं, हे सगळं आईला पाठ असतं. खरी फाइल आईच्या डोक्यात असते म्हणा ना! बालरोगतज्ज्ञही उंची, वजन, वयात येणं, शाळा, खाणंपिणं असं सगळं बघतात. तपासणी चुकली तर तिथूनच फोन येतो.

मोठ्यांच्या ओपीडीत असं नसतं. गर्दी जास्त, वेळ कमी, आणि डॉक्टर थेट पेशंटला विचारतात, "काय होतंय? काय औषधं चालू आहेत?" मुलगा आईकडे बघतो. आई बाहेर बसलेली असेल तर उत्तर येतं, "एक पांढरी गोळी असते." अठरा वर्षं पूर्ण झाली की उपचाराला संमती देण्याचा हक्क त्याचा. पण हक्क वाढदिवसाला मिळतो, माहिती काही त्या दिवशी आपोआप मिळत नाही. आपल्याकडे तर हे वय सगळीकडे सारखंही नाही. काही रुग्णालयांत बारा वर्षांनंतरच मुलाला मोठ्यांच्या विभागात पाठवतात.

धोका नेमका कुठे आहे बघा. अॅझाथायोप्रिन किंवा मेसालामिन बंद केलं, तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी काही होत नाही. आठवडे, कधी महिने बरे जातात. मुलाला वाटतं, मी बरा झालोय, उगाच गोळ्या खात होतो. आणि ऐन परीक्षेत किंवा नव्या नोकरीत आजार उफाळतो. इन्फ्लिक्सिमॅबचं आणखी वेगळं आहे. ते साधारण दर आठ आठवड्यांनी शिरेतून देतात. मधे मोठा खंड पडला, तर शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करू शकतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर ते लागू पडेलच असं नाही. म्हणजे एक चांगलं औषध हातचं जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट कोलोनोस्कोपीची. मोठ्या आतड्यात बराच काळ सूज राहिली, तर तिथे कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून मोठ्या आतड्याचा बराच भाग बाधित असेल, तर आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी नियमित तपासणी सुरू करायची असते. आजार दहाव्या वर्षी सुरू झाला असेल तर हिशेब करा. बरोबर अठरा! डॉक्टर बदलण्याच्या त्याच काळात ही तपासणी येते, आणि जुन्यांना वाटतं नवे करतील, नव्यांना वाटतं झालीच असेल.

मग करायचं काय? ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ही तयारी उशिरात उशिरा तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करा, असं सांगितलंय. आपल्याकडे तशी यंत्रणा सगळीकडे नसेल, पण तयारी घरी करता येते.

तेरा-चौदाव्या वर्षी मुलाला आजाराचं नाव आणि रोजच्या औषधांची नावं स्वतः सांगता आली पाहिजेत. पंधरा-सोळाव्या वर्षी गोळ्यांचा डबा त्याने भरायचा, आईने फक्त नजर ठेवायची. भेटीतली पहिली पाच-दहा मिनिटं तो एकटा डॉक्टरांशी बोलेल. सतराव्या वर्षी अपॉइंटमेंट त्याने घ्यायची, रक्ताचे रिपोर्ट त्याने आणायचे.

या एकट्याच्या बोलण्याला फार महत्त्व आहे. सिगारेटने क्रोन्स बिघडतो. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही आजार भडकू शकतो. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. हे प्रश्न सतरा वर्षांची मुलगी आईसमोर विचारणार आहे का?

आणि एक कागद हवा. जाड फाइल नको, एकच पान. निदान कधी झालं, आतड्याचा कुठला भाग, कुठली औषधं दिली, कुठलं का थांबवलं, ऑपरेशन झालं का, शेवटची कोलोनोस्कोपी कधी, लसी कुठल्या झाल्या. आपल्याकडे त्यात टीबीची ओळ हवीच. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात, की अनेक मुलांना आधी टीबीची औषधं दिलेली असतात. शिवाय इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाने दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो, म्हणून नव्या डॉक्टरांना हा इतिहास लागतोच. हे पान बालरोगतज्ज्ञांकडूनच लिहून घ्या, आणि त्याचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये राहू द्या.

शक्यतो आजार शांत असताना डॉक्टर बदला. नव्या डॉक्टरांची पहिली भेट झाल्याशिवाय जुन्यांना सोडू नका, आणि औषधांचा साठा मधल्या काळाला पुरेल एवढा ठेवा. विम्याची पॉलिसीही वाचा. पालकांच्या पॉलिसीतून मूल ठरावीक वयानंतर बाहेर पडतं.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय : "मुलगा पुण्याला हॉस्टेलवर आहे, आम्ही नाशिकला. रोज फोन करून गोळी घेतली का विचारते, तो चिडतो. काय करू?"

ताई, तुमची काळजी बरोबर आहे. पण रोज गोळीचं विचारलंत, की फोन म्हणजे हजेरी होते आणि तो "हो, घेतली" म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी किती गोळ्या उरल्या, पुढची रक्ततपासणी कधी, हे तोच तुम्हाला सांगेल. एखादा डोस चुकला तर रागवू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. आणि शौचातून रक्त, ताप, पोटात जोराची कळ किंवा वजन घटणं, यातलं काही झालं तर वाट न बघता कुणाला फोन करायचा, तो नंबर आजच त्याच्याकडे द्या.

वेळ संपली. पुढच्या भेटीला जाल तेव्हा, डॉक्टरांनी प्रश्न विचारल्यावर आई-बाबांनी थोडं गप्प बसून बघा. मुलाला काय येतं आणि काय शिकवायचं राहिलंय, ते तिथेच कळेल.