प्लग घेताना आधी नंबर वाचा

पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लग बदलायची वेळ आली की चर्चा ब्रँडवर जाते. एनजीके भारी की बॉश? माझं मत स्पष्ट आहे: नामांकित कंपन्यांच्या साध्या प्लगमध्ये रोजच्या वापरात जाणवेल असा फरक नसतो. फरक पडतो तो चुकीच्या नंबरामुळे आणि नकली मालामुळे.

दुकानातली नावं

एनजीके ही १९३६ मध्ये नागोयात सुरू झालेली जपानी कंपनी. डेन्सो १९४९ मध्ये टोयोटातून वेगळी झाली. बॉश जर्मन, चॅम्पियन मूळची अमेरिकन. जुने मेकॅनिक आजही ‘मायकोचा प्लग’ म्हणतात. ती बंगळूरची मायको २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली. (नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कारखान्याचं नाव मिळालं, तिथे मात्र डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. डिझेलला स्पार्क प्लग लागतच नाही.)

आकडे उलटे चालतात

एनजीकेचा सीपीआर८ईए-९ हा नंबर घ्या. सी म्हणजे १० मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटरची गॅप. मधला ८ सर्वांत महत्त्वाचा. प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो, ते त्यावरून कळतं.

प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. ८५० ते ९०० अंशांच्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटू लागतं. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की ‘गरम’. म्हणजे एनजीकेचा ८ काढून बॉशचा ८ लावला तर प्लग बराच गरम पडतो. तिथे बॉशचा कमी आकड्याचा प्लग लागतो. ब्रँड बदलायचाच असेल तर कंपनीचा तक्ता पाहून जुळणारा नंबर घ्या, अंदाजाने नको.

आट्यांची लांबीही तितकीच जपा. जास्त लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो. इंजेक्शनच्या गाडीत रेझिस्टरवाला प्लग काढून बिनरेझिस्टरचा लावला तर इसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, कामात गडबड होऊ शकते.

इरिडियम घ्यावा का?

साध्या प्लगच्या टोकाला निकेलचा मिश्रधातू असतो. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम २४४६ ला. म्हणून इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक करता येतं. ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं आणि झीजही कमी होते. खरा फायदा आयुष्याचा आहे. एव्हरेज एकदम वाढेल या आशेने पैसे घालू नका. कम्युटर बाइकला साधा प्लग वेळेवर बदलला तरी पुरे. कारमध्ये कंपनीनेच इरिडियम दिला असेल तर मात्र स्वस्तात निकेलवर येऊ नका. इरिडियमचं टोक तारेच्या ब्रशने घासायचं नाही, गॅपशीही उगाच खेळायचं नाही.

सीएनजी आणि एकाहून जास्त प्लग

सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग लवकर झिजतो. बदलण्याचं अंतर मॅन्युअलमध्ये पाहा आणि ते पुढे ढकलू नका. बजाजच्या डीटीएस-आय पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग आहेत, २०० एनएसमध्ये तर तीन. एकच बदलून भागवू नका, सगळे एकदम बदला.

डुप्लिकेट माल

पुसट छपाई, खडबडीत आटे, वाकडं टोक, सैल वॉशर आणि बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत दिसली तर प्लग परत द्या. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घेतलेला बरा.

बसवताना

इंजिन गार होऊ द्या. प्लग आधी हातानेच पूर्ण फिरवा. नवा वॉशरवाला प्लग असेल तर हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. जुना प्लगही लगेच टाकू नका, त्याचं टोक पाहा: फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, पांढरंफटक असेल तर इंजिन तापतंय. शेवटच्या तिन्हींत नुसता नवा प्लग लावून उपयोग नाही, गाडी मेकॅनिकला दाखवा.