पैठणी आणि प्राध्यापक

१९९९ साली सुरू झालेल्या 'अल्फा मराठी'वर, म्हणजे आजच्या 'झी मराठी'वर, 'नक्षत्रांचे देणे' लागले की आमचे सावेडीचे घर कान टवकारी. २००४ मध्ये तिथेच 'होम मिनिस्टर' आले. आदेश बांदेकर घरोघरी जात, गृहिणींना बोलते करीत, जिंकणारीला पैठणी देत. नव्या प्राध्यापकाने, म्हणजे मी, नाक मुरडले : 'साहित्य गेले, पैठणी आली!'

आई मात्र पडद्यावरच्या प्रश्नांना खुर्चीतूनच उत्तरे देई. लग्न कसे ठरले, पहिल्या पोळ्या कशा करपल्या! वर्गात मी स्त्रियांची आत्मचरित्रे शिकवी. आईला कधी काही विचारले नव्हते.

२०१८ मध्ये 'कलर्स मराठी'वर 'बिग बॉस' आले. घराला कुलूप, आत भांडणे. आई म्हणाली, "बंद कर ते. आता तूच विचार काहीतरी."