पोर्तुगीज आधी, स्पॅनिश नंतर

या रविवारी ऐकण्याच्या सरावावर लिहायचं कबूल केलं होतं. तो विषय आठवडाभर पुढे ढकलतो आहे, कारण मडगावहून आलेल्या एका पत्रानं मला पुरतं गुंतवलं आहे.

पत्र एका वकीलबाईंचं आहे. गोव्यातला कुटुंबकायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, कोमुनिदादीचे, म्हणजे गावकीच्या सामाईक जमिनींचे, कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, म्हणून त्यांना ती भाषा हवी. लेक माद्रिदला असते, म्हणून स्पॅनिशही हवी. दोन्हींचा श्रीगणेशा अजून व्हायचा आहे. त्या विचारतात, ‘दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत, तर एकदमच सुरू करते. एकीच्या मेहनतीत दुसरी निम्मी येईल ना?’

निम्मी नक्की येईल, पण एक पक्की झाल्यावर दुसरी घेतली तर. दोन्हींची मुळाक्षरं एकाच महिन्यात गिरवायला घेतली, तर हेच साम्य आडवं येतं.

याचं कारण स्मरणशक्तीच्या अभ्यासकांनी फार पूर्वी शोधलं आहे. म्यूलर आणि पिल्त्सेकर या जर्मन संशोधकांनी १९०० साली दाखवून दिलं, की काही पाठ केल्यावर लगेच नवं काही पाठ करायला घेतलं तर आधीचं पुसट होतं. १९३१ मध्ये मॅकगिओक आणि मॅकडोनाल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पुढचा प्रश्न विचारला: मध्ये पाठ केलेलं कसलं असेल तर सर्वांत जास्त विसरायला होतं? त्यांनी लोकांना विशेषणांची यादी पाठ करायला दिली. मग कोणाला अंक दिले, कोणाला निरर्थक अक्षरं, कोणाला पहिल्या यादीतल्या विशेषणांचे समानार्थी शब्द. सर्वांत जास्त विस्मरण समानार्थी शब्दांमुळे झालं. नवशिक्यापुढे पोर्तुगीज आणि स्पॅनिश एकदम ठेवणं म्हणजे नेमक्या अशाच दोन याद्या ठेवणं.

आता प्रत्यक्ष भाषेत उतरू. दूध, झाड, नाक, मीठ हे चार शब्द घ्या. मराठीत चारही नपुंसकलिंगी, त्यामुळे मायबोलीचा आधार नाही. स्पॅनिशमध्ये दूध स्त्रीलिंगी, पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी. झाड स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी. नाक आणि मीठ यांचे शब्द तर दोन्हींकडे अक्षरशः एकच लिहितात, पण स्पॅनिशमध्ये दोन्ही स्त्रीलिंगी आणि पोर्तुगीजमध्ये दोन्ही पुल्लिंगी. एकच भाषा शिकत असाल तर शब्द आणि लिंग जोडीनं मनात बसतात. दोन्ही एकदम शिकलात तर शब्द झटकन बसतो आणि लिंग कायम डळमळीत राहतं.

सगळ्यांत फसवे असतात लहान शब्द. ‘एन’ आणि ‘ओ’ या दोन अक्षरांचा शब्द स्पॅनिशमध्ये ‘नाही’ सांगतो. तोच पोर्तुगीजमध्ये ‘च्यामध्ये’ या अर्थानं पानोपानी येतो. जमिनीच्या कागदांत रमणाऱ्या वकिलासाठी आणखी एक जोडी महत्त्वाची. ‘लार्गो’ हा शब्द स्पॅनिशमध्ये लांब, तर पोर्तुगीजमध्ये रुंद. वाटणीपत्रातल्या चतुःसीमा वाचताना डोक्यात स्पॅनिश असेल, तर लांबी-रुंदीची अदलाबदल झालीच म्हणून समजा.

आणि माझ्या मते खरा धोका याच्याही पुढचा आहे. घोटाळा कोणत्याही दोन भाषांत होतो. पण लांबच्या भाषांतला घोटाळा स्वतःलाच ऐकू येतो. जपानी वाक्यात जर्मन शब्द घुसला, तर बोलणारा तिथल्या तिथे थबकतो. पोर्तुगीज वाक्यात स्पॅनिश शब्द आला तर वाक्य सुरळीत पुढे जातं. समोरच्याला अर्थ कळतो, तो सौजन्यानं मान डोलावतो, चूक कोणी दुरुस्त करत नाही. वर्षभरात ती जिभेवर कायमची मुक्कामाला येते.

या मिश्रणाला नावही आहे: पोर्तुन्योल. हा शब्द निघाला की मला उरुग्वेच्या उत्तर सीमेबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. उरुग्वेतलं रिव्हेरा आणि ब्राझीलमधलं सांताना दो लिव्हरामेंतो ही दोन शहरं एकमेकांना चिकटून आहेत. सीमा रस्त्यांवरून आणि एका बागेतून जाते. या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या घराघरांत जी बोली चालते तिचा पाया पोर्तुगीज आणि वरचा बराचसा साज स्पॅनिश. उरुग्वेनं १८७७ च्या शिक्षण कायद्यानंतर शाळेतून स्पॅनिशच शिकवली आणि घरच्या बोलीला अशुद्ध ठरवलं. तरी ती टिकली. आर्तिगास गावचे फाब्यान सेव्हेरो आज त्याच बोलीत कविता लिहितात. मला या बोलीबद्दल अपार आदर आहे. तिला स्वतःचे नियम आहेत, आईच्या तोंडून आलेले. शिकाऊ माणसाच्या मिश्रणाला ते नसतात. ते दर वाक्याला वेगळं असतं. म्हणून पोर्तुन्योलचा दाखला देऊन ‘मिसळलं तर बिघडलं कुठे’ म्हणणं मला पटत नाही.

मग या भाषांचा जवळपणा वापरायचा कसा? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेनं याचं उत्तर कृतीतून दिलं. १९७१ मध्ये तिनं ‘स्पॅनिशकडून पोर्तुगीजकडे’ अशा अर्थाच्या नावाचं एक पुस्तक काढलं. ते ज्यांची स्पॅनिश पक्की झाली आहे त्यांच्यासाठी आहे. ज्ञात भाषेतला कोणता आवाज कुठे बदलतो, कोणता शब्द दगा देतो, हे ते दाखवत जातं. क्रम महत्त्वाचा: एक पाय भक्कम रोवायचा, मग दुसरा उचलायचा.

याच संस्थेचा वेळेचा हिशेबही उपयोगी आहे. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला कामापुरतं प्रभुत्व यायला पोर्तुगीज किंवा स्पॅनिशसाठी वर्गातले सहाशे ते साडेसातशे तास लागतात, जपानीसाठी सुमारे बावीसशे. रोज एक तास धरला तर पोर्तुगीजला दोन वर्षांच्या आसपास आणि जपानीला सहा. तोच तास दोन भाषांत वाटला, तर काळ दुपटीहूनही लांबतो, कारण मधल्या दिवसांत जे विसरतं ते पुन्हा शिकावं लागतं.

आता पुण्याच्या त्या मुलांचं काय, जी सकाळी जर्मनच्या वर्गाला आणि संध्याकाळी जपानीच्या वर्गाला जातात? त्यांना मी अडवत नाही. वेळ असेल तर ही जोडी चांगली आहे. जपानीत क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं आणि विभक्तीचं काम नामानंतर येणारे छोटे शब्द करतात. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. दोन्हींना मराठीत वेगवेगळ्या ठिकाणी आधार सापडतो. सुरुवातीला सरमिसळ होईल, त्याला घाबरू नका. सारा विल्यम्स या इंग्रजी मातृभाषा असलेल्या संशोधिकेनं स्वीडिश शिकताना स्वतःचंच बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि ब्योर्न हामारबेरी यांच्याबरोबर १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वीडिशमध्ये नकळत घुसणारे शब्द मुख्यतः तिला चांगल्या येणाऱ्या जर्मनमधून येत होते, इंग्रजीतून फार थोडे. परकी भाषा शोधताना मन आधी दुसऱ्या परक्या भाषेकडे हात पसरतं. मात्र जोडी दूरची असेल तर ते लगेच लक्षात येतं. दोन्हींची सुरुवात एकाच आठवड्यात न करता निदान एका सत्राचं अंतर ठेवा. वह्या वेगळ्या, वार वेगळे.

वकीलबाईंसाठी माझा सल्ला असा. पोर्तुगीज आधी घ्या. तुमच्या कोंकणीत पोर्तुगीजमधून आलेले जनेल (खिडकी) आणि कुलेर (चमचा) आहेतच, आणि पोटापाण्याचा कागदही त्याच भाषेत आहे. स्पॅनिशला तोवर हात लावू नका. लेकीशी फोनवर दोन शब्द बोललात तर हरकत नाही, पण पुस्तक उघडू नका. न शिकलेला साधा उतारा शब्दकोशाशिवाय समजू लागला आणि लिंगाची चूक शिक्षकांच्या आधी तुम्हालाच खटकू लागली, की स्पॅनिश सुरू करा, तीही बोलण्यापासून. त्या काळात पोर्तुगीजचं वाचन सोडू नका. दिसलेला शब्द ओळखणं आणि हवा तो शब्द तोंडात येणं ही निराळी कामं आहेत. एका भाषेत वाचन आणि दुसरीत बोलणं ठेवलंत तर टक्कर बरीच कमी होते.

मग पोर्तुगीजच्या वहीत उजवीकडचं पान कोरं सोडत चला आणि तिथे स्पॅनिशमध्ये बदललेलं तेवढंच लिहा: बदललेलं लिंग, दगाबाज शब्द. सारखं आहे ते लिहूच नका, ते तुम्हाला आयतं मिळालं आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला अपेक्षित असलेला निम्मा वाटा इथे हाती येतो, आणि तो पुष्कळदा निम्म्याहून मोठा निघतो.

पुढच्या रविवारी मात्र ऐकण्याचा सराव, नक्की. तोवर आपापल्या भाषेतली एखादी बातमी रोज एकदा ऐकून ठेवा. शब्द कळले नाहीत तरी चालेल, वाक्य कुठे संपतं एवढं टिपा. सुरुवात तिथूनच करणार आहे.