कचऱ्यातली हवा

‘कचऱ्याची पेटी कशाने भरते?’ हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. कागद, साली, डबे, पिशव्या अशी उत्तरे येतील. ‘हवा’ हे उत्तर बहुधा कोणी देणार नाही. पण या हवेचा विचार केल्याशिवाय कचरा वाहण्याचा धंदा अमेरिकेत एवढा कसा वाढला, हे उलगडत नाही.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराचे उदाहरण घेऊ. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टॉम फॅट्जो या तरुण हिशेबनिसाने आपल्या वसाहतीतील कचरा उचलण्यासाठी एक ट्रक घेतला. १९६९ मध्ये त्याच्या कंपनीने ब्राउनिंग-फेरिस ही यंत्रसामग्री विकणारी कंपनी ताब्यात घेतली आणि पुढे तिचेच नाव धारण केले. ठिकठिकाणचे लहान कचरावाहक विकत घेत ती देशातील सर्वांत मोठ्या कचरा-कंपन्यांपैकी एक झाली. १९९९ मध्ये तिलाही अलाइड वेस्ट या दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. या वाढीमागे व्यवहारचातुर्य होतेच. पण थोडे भौतिकशास्त्र आणि थोडी भूमितीही होती.

प्रथम भौतिकशास्त्र पाहू. अमेरिकेतील सुट्या घरगुती कचऱ्याची घनता घनमीटरला सुमारे १३० किलोग्रॅम असते. पाण्याची असते १०००. म्हणजे पेटीत बरीचशी हवाच असते. १५ घनमीटरचा ट्रक अशा कचऱ्याने काठोकाठ भरला, तरी त्यात जेमतेम दोन टन माल मावतो. ट्रकमध्येच कचरा दाबणारे यंत्र बसवले, की घनता ३०० च्या आसपास जाते आणि त्याच ट्रकमध्ये साडेचार टन मावतात. ४५ टन कचऱ्यासाठी पहिल्या ट्रकला सुमारे २३ खेपा लागतील, दुसऱ्याला १०. चालकाचा पगार आणि डिझेल खेपांवर ठरते. ज्याच्याकडे यंत्र घेण्याइतके भांडवल, त्याचा खर्च कमी.

आता भूमिती. कचऱ्यातून झिरपणारे घाण पाणी विहिरींपर्यंत पोचू नये, म्हणून अमेरिकेने १९७६ च्या कायद्याखाली १९९१ मध्ये कडक नियम केले. नव्या भरावाच्या तळाशी किमान ६० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर प्लास्टिकचे जाड अस्तर आणि झिरपलेले पाणी गोळा करण्याची सोय बंधनकारक झाली. भराव बंद झाल्यावरही साधारण ३० वर्षे देखरेख ठेवावी लागते.

हा खर्च कोणाला परवडेल? खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली दुप्पट केली, तर अस्तराचे क्षेत्रफळ चौपट होते, पण घनफळ आठपट. म्हणजे प्रत्येक टन कचऱ्यामागे अस्तराचा खर्च निम्मा! साहजिकच गावोगावचे लहान भराव बंद पडले. १९८८ मध्ये त्या देशात सुमारे ७,९०० भराव होते. २००५ मध्ये सुमारे १,६५० उरले. भूजल अधिक सुरक्षित झाले, हा मोठा लाभ. पण कचरा दूरवर जाऊ लागला आणि ज्याच्या हाती भराव, त्याच्या हाती दर, अशी स्थिती अनेक ठिकाणी आली.

मग आपणही तसेच ट्रक घ्यावेत का? येथे घाई नको. भारतीय शहरांतील कचऱ्यात भाजीपाल्याचा आणि उष्ट्याखरकट्याचा वाटा मोठा, त्यामुळे ओलावाही जास्त. त्याची घनता मुळातच घनमीटरला साधारण ३०० ते ५५० किलोग्रॅम असते. त्यात हवा कमी, म्हणून दाबण्यातला फायदाही कमी. उलट दाबल्यावर पाणी सुटते आणि रस्त्यावर गळते. ओला कचरा जवळच खतासाठी वापरला आणि सुका वेगळा ठेवला, तर सुक्या कचऱ्यापुरते दाबयंत्र उपयोगी पडेल. एका देशात धंदा उभा करणारे यंत्र दुसऱ्या देशात केवळ खर्च ठरू शकते. आणि तो खर्च शेवटी नागरिकांच्याच करातून जातो.

हे मुलांना पडताळून पाहता येईल. दहा लिटरची बादली आणि तागडी घ्या. शाळेतील ओला व सुका कचरा वेगवेगळा, न दाबता बादलीत काठापर्यंत भरा. कचऱ्याचे किलोग्रॅममधील वजन १०० ने गुणले, की घनमीटरची घनता मिळेल. मग लाकडी फळीने दाबून किती जागा सुटते, ते पाहा. दोन्ही बादल्यांतला फरक मुलांनी वहीत लिहावा आणि शक्य झाल्यास ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नेऊन दाखवावा. ट्रकची खरेदी ठरण्यापूर्वी हे आकडे कोणीतरी मांडायला हवेत.