निर्मळ पाण्यातील विष

उदगीरच्या एखाद्या घरी काचपेटीत सिक्लिड जातीच्या माशांची पिले सोडलेली असतात. उजनी धरणातील चिलापी याच कुळातील. काल बागडणारी पिले आज निश्चेष्ट होऊन तरंगताना दिसतात. पाणी तर आरशासारखे नितळ! मग हा घात कोणी केला?

माशांच्या कल्ल्यांतून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया मिसळतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. वाळूत व गाळणीत राहणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. तेही विषारीच. पुढे त्यापासून बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट बनते. जीवाणूंची ही वस्ती वसण्यास सुमारे ४ ते ६ आठवडे लागतात. त्यापूर्वीच दाटीने पिले सोडली, किंवा स्वच्छतेच्या हौसेने सारी पेटी घासून धुतली, तर विष साचते. उन्हाळ्यात संकट दुणावते. कारण पाणी तापले की अमोनिया अधिक जहाल होतो आणि प्राणवायू कमी विरघळतो.

म्हणून अन्न बेताने घालावे. आठवड्यास चौथा हिस्साच पाणी बदलावे व गाळणी त्या काढलेल्या पाण्यातच विसळावी. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. पाणी नितळ असले, तरी त्यात हे अदृश्य सेवक नसतील, तर पिले जगत नाहीत.