काठावरून शिकवणारे

डोळ्यांना काहीच दिसत नसलेल्या पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचं कळतं कसं? उत्तर एका काठीत आहे. तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो. त्याच्या हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारा भिंतीजवळ आला की तो गोळा त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर टेकतो. ठोका लवकर पडला तर वळण फसतं, उशिरा पडला तर डोकं भिंतीवर आपटतं. हा ठोका देणाऱ्याला टॅपर म्हणतात, आणि बहुतेकदा तो प्रशिक्षकच असतो, कारण पोराचे हात किती लांब जातात आणि थकल्यावर किती आखडतात हे त्यालाच ठाऊक असतं.

अमरावतीच्या कांचनमाला पांडे याच काठीच्या भरवशावर डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत २०० मीटर मिडलेत पहिल्या आल्या. जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. दृष्टिहीनांच्या एस-११ या गटात सगळ्यांनाच काळा गॉगल लावावा लागतो, म्हणजे कोणाला अंधुकसं दिसत असलं तरी त्याचा फायदा मिळू नये.

या सगळ्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. लुडविग गुटमन या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणका दुखावलेल्या सैनिकांना खेळाला लावलं आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, तिथे त्यांची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिक त्यातून उभं राहिलं.

आपल्याकडे तीच वाट सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना सापडली. ते लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं आणि मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. त्यामागचं शास्त्र साधं आहे: गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराला आपलं वजन जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं जाणवतं. जमिनीवर जे अंग ओझं होतं, ते पाण्यात हलकं होतं. ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्गला पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं आणि अर्जुन पुरस्कार तर जानेवारी २०२५ मध्ये हाती आला. म्हणजे औषध वेळेवर मिळालं, दखल मात्र अर्ध्या शतकानं.

पण काठावरून शिकवण्याच्या कलेत खरी गुंतवून ठेवणारी गोष्ट घडली ती करमाळ्यात. पॅरा जलतरणपटू सुयश जाधवचे वडील नारायण जाधव स्वतः स्पर्धांत पोहलेले. मुलाला पाण्याची ओळख त्यांनीच लहानपणी करून दिली. २००४ मध्ये सुयश सहावीत होता. एका लग्नघरी खेळता खेळता त्याच्या हातातली लोखंडी सळई विजेच्या तारेला लागली आणि दोन्ही हात कोपराखाली गेले.

पोहणाऱ्याचा पंजा आणि त्यामागचा कोपरापर्यंतचा हात म्हणजे त्याचं वल्हं. वर्षानुवर्षं पंजाने पाणी ओढणं ज्याच्या अंगात मुरलंय, त्याने पंजाच नसलेल्या पोराला काय दाखवायचं? ‘माझ्याकडे बघ आणि तसं कर’ हे शिक्षकाचं जुनं हत्यार इथे बोथट होतं. ओढ खांद्यातून आणि दंडातून काढावी लागते, छातीतून निघालेली लाट कमरेतून पायांपर्यंत न्यावी लागते. शिकवणाऱ्याला स्वतःचं पोहणं मोडून पुन्हा जुळवावं लागतं. जुना खेळाडू इथे सावरतो तो बहुधा यामुळेच: स्वतःच्या हुकलेल्या पदकांचा हिशेब करायला त्याला सवडच मिळत नाही. पुढे सुयश पुण्यात तपन पाणिग्रही यांच्याकडे घडला. पाणिग्रहीसुद्धा एकेकाळचे पोहणारेच, २०२१ च्या द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी. २०१८ च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत सुयशने ५० मीटर बटरफ्लाय ३२.७१ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकलं. बटरफ्लाय, म्हणजे हातांवर सर्वात जास्त भार टाकणारा प्रकार!

अडचणींची यादी मात्र पदकांच्या यादीपेक्षा लांब आहे. २०१७ मध्येच बर्लिनच्या स्पर्धेला गेलेल्या कांचनमालांकडे सरकारने मंजूर केलेले पैसे वेळेत पोचले नाहीत आणि परक्या शहरात त्यांच्यावर उसनवारीची वेळ आली. ही झाली जागतिक पातळीवरच्या खेळाडूची कथा. शाळकरी पोराचं काय?

नंदुरबारच्या पाण्याकाठच्या पोरांचंच घ्या. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या उत्तर कडेला सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्राच्या ३३ गावांना भिडलं. वाहती नर्मदा तिथे खोल, साचलेली झाली, पायवाटा बुडाल्या आणि होडी हाच रस्ता झाला. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० च्या टाळेबंदीत होडी वल्हवत पलीकडच्या पाड्यांवरच्या बाळांपर्यंत पोचत होत्या, १८ किलोमीटरचा पल्ला. याच पाण्यावर १५ जानेवारी २०१९ ला संक्रांतीच्या स्नानाला निघालेली बोट भुशा गावाजवळ उलटली. माणसं गेली, त्यांत मुलंही होती.

जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा म्हणते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी आराखडा काढला. पण धडगावच्या एखाद्या पाड्यावरच्या, पाय गमावलेल्या मुलाला शर्यतीत उतरायचं तर आधी वर्गीकरण लागतं: डॉक्टरांनी शरीर तपासायचं, तंत्रज्ञांनी पाण्यातली हालचाल बघायची आणि मग कुठे गट ठरायचा. ते मोठ्या शहरातल्या स्पर्धेतच होतं. त्याच्याही आधी काठावर उभं राहणारं कोणीतरी हवं. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाच्या वाट्याला कबड्डी असते, खो-खो असतो, वर सरकारी माहितीचे तक्ते भरायचे. पोहण्याचा तास म्हटला की मुख्याध्यापकांना आधी जबाबदारी दिसते. मूल नदीवर घरच्यांसोबत गेलं तर तो त्यांचा प्रश्न, शाळेने नेलं तर कागद शाळेचा. म्हणून सहलीच्या परवानगीच्या पत्रात बहुतेक शाळा ओळ टाकतात: पाण्यात उतरण्यास मनाई आहे.