मोटारीची स्प्रिंग किती ताठ असावी?

स्पोर्ट्स कार म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? जमिनीलगत बसकी आणि वळणावर जराही न झुकता सुसाट जाणारी मोटार! अशा मोटारी बाळगणाऱ्या हौशी लोकांना एक छंद असतो. कारखान्याने बसवलेल्या स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर काढायचे व त्यांच्या जागी बाजारात वेगळे मिळणारे, अधिक ताठ भाग बसवायचे. स्प्रिंग जितकी ताठ तितकी मोटार चांगली, असा यामागचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हे शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या आधारे तपासून पाहता येते. तपासणे आवश्यकही आहे. कारण निवड चुकली तर नुसते पैसे वाया जात नाहीत, ऐन वळणावर चाकाची रस्त्यावरील पकड सुटू शकते.

उदाहरणासाठी आपण जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार घेऊ. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. पहिल्या पिढीच्या गाडीचे वजन जेमतेम एक टन आहे. तिचे प्रत्येक चाक खाली-वर अशा दोन आडव्या दांड्यांनी सांगाड्याला जोडलेले असून ते इतर चाकांपासून स्वतंत्रपणे वर-खाली होऊ शकते. या पिढीचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले. त्यामुळे आज त्या गाड्यांचे मूळ शॉक ॲब्सॉर्बर झिजून गेलेले असतात आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो, नवे काय बसवावे?

सस्पेन्शनचे खरे काम

सस्पेन्शन म्हणजे आत बसणाऱ्याला धक्के लागू नयेत म्हणून केलेली सोय, असे आपण समजतो. ते खरे आहे, पण अर्धेच. मोटार वळते, थांबते, वेग घेते, ती फक्त टायर व रस्ता यांच्यामधील घर्षणामुळे. चारही टायर मिळून रस्त्याला जेथे टेकतात ते क्षेत्र चार तळहातांएवढेच असते! टायर क्षणभर उचलला गेला, की त्या क्षणापुरते त्याचे घर्षण शून्य. म्हणून रस्ता कसाही असो, टायर त्याला टेकलेला ठेवणे हे सस्पेन्शनचे पहिले काम होय.

स्प्रिंगचे गणित

स्प्रिंगवरील बल आणि तिच्या लांबीत होणारा बदल हे समप्रमाणात असतात, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. बलाला लांबीतील बदलाने भागले की स्प्रिंगचा बलस्थिरांक मिळतो. तो जितका मोठा तितकी स्प्रिंग ताठ. हा स्थिरांक तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. तार फक्त १० टक्के जाड घेतली, तर १.१ चा चौथा घात १.४६, म्हणजे स्प्रिंग ४६ टक्के ताठ झाली!

आता समजा, आपल्या मोटारीच्या एका चाकावरील स्प्रिंगने २४० किलोग्रॅम वस्तुमान तोलून धरले आहे आणि चाकापाशी मोजलेला बलस्थिरांक दर मिलिमीटरला १६ न्यूटन आहे. स्थिरांकाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले आणि त्याला दोन पायने भागले की आंदोलनांची वारंवारता मिळते. येथे ती येते १.३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वा आंदोलन. आरामशीर मोटारींची वारंवारता १ हर्ट्झच्या आसपास, रस्त्यावरील स्पोर्ट्स कारची दीड ते दोन, तर शर्यतीच्या मोटारींची त्याहून बरीच अधिक असते. आपण दीडपट ताठ स्प्रिंग बसवली, तर स्थिरांक २४ होईल आणि वारंवारता १.६ हर्ट्झ. स्थिरांक दीडपट झाला तरी वारंवारता दीडपट होत नाही, कारण मध्ये वर्गमूळ आहे.

मोटार बसकी दिसावी म्हणून काही जण स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकतात. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाच वेढ्यांची झाली, की ती २० टक्के ताठ होते. ताठपणा वाढला आणि उंचीही कमी झाली, मग बिघडले काय? आखूड झालेली स्प्रिंग चाक खाली लोंबताच आपल्या जागेवरून सुटू शकते. म्हणून कापलेली स्प्रिंग धोक्याचीच समजावी.

आंदोलने थांबवायची कोणी?

नुसती स्प्रिंग असेल, तर एका खड्ड्यानंतर मोटार कितीतरी वेळ डोलत राहील. ही आंदोलने विझवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. आपले गॅरेजवाले त्यालाच शॉकअप म्हणतात. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की तेल बारीक छिद्रांतून जाते आणि आंदोलनाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. यालाच अवमंदन म्हणतात. डोलणे पूर्णपणे बंद होण्यासाठी लागणाऱ्या किमान अवमंदनाला क्रांतिक अवमंदन म्हणतात.

समजा, आपल्या मोटारीत क्रांतिक अवमंदनाच्या ३० टक्के अवमंदन आहे. मग एका पूर्ण आंदोलनानंतर मूळ आयामाच्या १४ टक्केच आयाम शिल्लक राहतो. आता स्प्रिंग दीडपट ताठ केली, पण शॉक ॲब्सॉर्बर तोच ठेवला. ताठ स्प्रिंगला क्रांतिक अवमंदन अधिक लागते, त्यामुळे तोच शॉक ॲब्सॉर्बर आता साडेचोवीस टक्क्यांवर येतो आणि १४ ऐवजी २० टक्के आयाम शिल्लक राहतो. तो जुना व झिजलेला असून १० टक्केच अवमंदन देत असेल, तर निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के! अशी मोटार खडबडीत वळणावर अक्षरशः उड्या मारत बाहेरच्या बाजूला सरकत जाते. ताठ स्प्रिंगेने पकड वाढण्याऐवजी घटली, ती अशी.

म्हणूनच जाणकार मंडळी शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांची जोडी जुळवून घेतात. जर्मनीची बिलस्टाइन, नेदरलँड्सची कोनी, स्वीडनची ओलिन्स या कंपन्या याच कामासाठी नावाजलेल्या आहेत. काही शॉक ॲब्सॉर्बरचे अवमंदन खुंटी फिरवून कमी-जास्त करता येते. पण खुंटी शेवटपर्यंत पिळणे म्हणजे सर्वोत्तम करणे नव्हे. अवमंदन फार झाले, तर खड्ड्यात गेलेले चाक वेळेवर खाली येत नाही.

झुकणे आणि भार सरकणे

येथे बहुतेकांचा गोंधळ होतो. मोटार वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते आणि आतील चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. झुकणे थांबवले की भार सरकणेही थांबेल, असे वाटते. पण तसे होत नाही! किती भार सरकणार, हे मोटारीचे वजन, वळणावरील त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवरून ठरते. स्प्रिंगचा ताठपणा या सूत्रात कोठेच येत नाही.

आकडे घालून पाहू. दोन माणसांसह वजन ११०० किलोग्रॅम, त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट, गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंचीवर आणि चाकांमधील अंतर १.४ मीटर धरले, तर सुमारे २४८ किलोग्रॅम भार बाहेरच्या बाजूला सरकतो. स्प्रिंग मऊ असो वा ताठ, हा आकडा जवळजवळ तोच. मोटार ३ सेंटिमीटर खाली बसवली, तर तो २३१ होतो. म्हणजे थोडा फायदा जरूर झाला. पण त्याची किंमतही मोजावी लागते. चाकाला वर सरकायला आधी समजा ७ सेंटिमीटर वाव होता, तर आता ४ च उरला. तो संपला, की सस्पेन्शन रबरी अडथळ्यावर आपटते आणि त्या क्षणी मोटारीला जणू स्प्रिंगच उरत नाही.

मग ताठ स्प्रिंगचा लाभ काय? झुकणे कमी झाल्यामुळे टायर रस्त्याशी अधिक सरळ राहतो आणि सुकाणू फिरवताच मोटार चटकन प्रतिसाद देते. सपाट रस्त्यावर हा लाभ मोठा असतो.

झुकणे कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे. डाव्या व उजव्या चाकांना एका आडव्या पोलादी दांड्याने जोडतात. त्याला अँटी-रोल बार म्हणतात. मोटार झुकली की या दांड्याला पीळ बसतो आणि तो झुकण्याला विरोध करतो. येथेही व्यासाचा चौथा घात आलाच! १९ मिलिमीटरच्या भरीव दांड्याऐवजी २२ मिलिमीटरचा बसवला, तर तो सुमारे ८० टक्के ताठ होतो. पण जाड दांडा पुढे बसवला तर सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा पुढची बाहेरची चाकेच उचलतात. टायरवरील भार दुप्पट केला, तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. पुस्तकातील घर्षणाचा साधा नियम रबर तंतोतंत पाळत नाही. त्यामुळे पुढची चाके आधी घसरू लागतात आणि सुकाणू वळवूनही मोटार पुरेशी वळत नाही. उलट, मागचा दांडा फार ताठ केला, तर मागची बाजूच घसरून मोटार गर्रकन फिरू शकते.

मऊ स्प्रिंगची कमाल

इंग्लंडच्या लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९६२ मध्ये एलान ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, चाकांना वर-खाली होण्यास भरपूर वाव होता आणि अवमंदन नेमके होते. खडबडीत रस्त्यावरही तिचे टायर जमीन सोडत नसत. रस्त्यावरील पकडीसाठी तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. मोटार हलकी असेल, तर मऊ स्प्रिंगही पुरते, हा तिने शिकवलेला धडा आहे.

तेव्हा जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाने क्रम कोणता धरावा? आधी चांगले टायर, मग झिजलेले शॉक ॲब्सॉर्बर आणि सांध्यांतील रबरी बुश बदलावेत. स्प्रिंगा बदलायच्याच असतील, तर थोड्याच ताठ घ्याव्यात आणि शॉक ॲब्सॉर्बर त्यांना जुळणारे असावेत. शेवटी चाकांचे कोन मोजून अलाइनमेंट करून घ्यावी. हे काम जाणत्या मेकॅनिकचेच आहे. दर मिलिमीटरला ३० न्यूटनची स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबली, तर तिच्यात १५० ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोचा दगड पाच मजल्यांवरून पडावा तेवढी! ती हातातून निसटली तर काय होईल, याची कल्पना करा.

करून पाहा

प्रयोगशाळेतील स्प्रिंगला वजन टांगून दहा आंदोलनांचा काळ मोजा. मग तसल्याच दोन स्प्रिंगा शेजारी-शेजारी टांगून दोन्हींवर मिळून तेच वजन लावा. ताठपणा दुप्पट झाला. आवर्तनकाल निम्मा होतो का? नंतर वजन पाण्याच्या भांड्यात पूर्ण बुडालेले ठेवून किती आंदोलनांत ते थांबते, ते मोजा. पाण्याऐवजी गोडेतेल घेतले तर? शेवटी एखाद्या उभ्या मोटारीचा कोपरा, अर्थात मालकाला विचारून, जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन ती स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा डोलत राहिली, तर शॉक ॲब्सॉर्बर तपासून घ्या, असे मालकांना अवश्य सांगा.